सोबतीचं माणूस

"बरोबर कोण आलंय?" नर्सने विचारलं आणि धाकटीने मान खाली घातली. बरोबर कुणीच नव्हतं. भूल उतरल्यावर घरापर्यंत न्यायला माणूस लागतं, त्याशिवाय डॉक्टरीणबाई आत घेत नाहीत, असं नर्सने समजावून सांगितलं. ती रागावली नाही, पण नियमापुढे तिचाही इलाज नव्हता.

धाकटीने आणायचं तरी कुणाला? नवरा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर होता. पदरात दोन लेकरं होती, दुसऱ्याच्या वेळी ती मरता मरता वाचली होती आणि आता पुन्हा दिवस गेले होते. मला तू हवीस, बाकीचं तू ठरव, एवढंच तो फोनवर म्हणाला होता. ठरवणं सोपं गेलं, पुढचं अवघड होतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी घरच्या मोठ्यांना घेऊन ये म्हणत तिला वाटेला लावलं. मग शिवणाच्या कारखान्यात डोकेदुखीची थाप मारून, दोन बस बदलून ती या परक्या गावात आली. इथे हे काम फक्त बुधवारी व्हायचं.

घरचं मोठं माणूस म्हणजे थोरली जाऊ. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरातही हातात छडी असल्यासारखी वावरायची. पाठीमागे सगळे तिला हेडबाई म्हणत. धाकटीचा नवरासुद्धा वहिनीसमोर पाय पसरून बसत नसे. गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीवरून दोघी जावांचं वाजलं, त्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून वरचा मजला खालच्या मजल्याशी बोलत नव्हता. दोरी मात्र अजून एकच होती.

धाकटी पिशवी उचलून निघणार, तोच दार ढकलून हेडबाई आत आली.

धाकटीने पिशवी छातीशी घट्ट धरली. आपल्याला कुणी पाहिलं, कुणी चुगली केली, तिला काही सुचेना. थोरलीही दारातच थबकली. तिने धाकटीकडे पाहिलं, शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा चढवला.

"हिच्याबरोबर मी आहे," ती नर्सला म्हणाली. "मोठी जाऊ."

मग नर्सला बाजूला घेऊन ती हळू आवाजात काहीतरी बोलत राहिली. आता आपली तक्रार चालली आहे, असंच धाकटीला वाटलं. पण थोड्याच वेळात तिला आत बोलावणं आलं. थोरलीने तिच्या कानातली काढून आपल्या पर्समध्ये ठेवली आणि पाठीवर हात ठेवून तिला दारापर्यंत सोडलं.

धाकटीने डोळे उघडले तेव्हा थोरली उशाशी बसून तिच्या केसांचा गुंता बोटांनी सोडवत होती. तिने चहात बिस्कीट बुडवून भरवलं. अर्धं चहातच पडलं, तर दोष बिस्किटाला दिला. मग हुकूम सुटले. दोन दिवस कारखान्याचं नाव काढायचं नाही. लेकरं खालीच जेवतील, खालीच झोपतील. जिना उतरायचा नाही, काय हवं ते वरून हाक मारून मागायचं. वर्षभराच्या अबोल्याचं सगळं बोलणं थोरली एका बैठकीत उरकत होती. धाकटीचे डोळे भरून आले. रडायचं तर खुशाल रड, पण चहा निवू देऊ नकोस, असं थोरलीने बजावलं.

चहा संपला तशी धाकटीने हिंमत केली.

"ताई, मी इथे आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

भर वर्गात कधी न अडखळलेल्या हेडबाईने मान खाली घातली. तिचे कान लाल झाले. लेकीच्या वयाच्या मुलीसारखी ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"कुणी नाही गं. आजचा नंबर माझा होता. घरात कॉलेजात जाणारी पोर, या वयात कुणाला काय सांगू म्हणून मीही एकटीच निघाले होते. आता पुढच्या बुधवारचा घेतलाय, आणि माझ्याबरोबर तू येशील असं नर्सला सांगून टाकलंय."