पळपुटा पलंग

"तो पलंग आत्ताच्या आत्ता बाहेर काढा," मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं आणि चार वॉर्डबॉय लगबगीने खालच्या हॉलमध्ये आले. शिल्पकार बाई तिथेच बाकावर बसल्या होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

पलंग त्यांनीच घडवला होता. खऱ्या पलंगाएवढा, फायबरचा, हॉस्पिटलमधल्या पलंगांसारखाच फिकट हिरवा. फक्त त्याला चाकांऐवजी माणसाचे चार पाय होते, पायांत स्लिपर होत्या आणि पुढचा एक पाय उचलून तो चोरपावलांनी मुख्य दाराकडे निघाला होता. सलाइनची नळी शेपटीसारखी मागे लोंबत होती. दार अगदी हाताशी आलं होतं. पेशंटच्या आधी पलंगच हॉस्पिटलला कंटाळलेला दिसत होता.

बाईंची शिल्पं याआधी मोठमोठ्या दालनांत मांडली गेली होती. तिथे लोक हनुवटीला हात लावून उभे राहायचे, मान डोलवायचे आणि हसू आलंच तर खोकल्यात लपवायचे. बाई या सगळ्याला विटल्या होत्या. वडील आजारी असताना त्या याच हॉलमध्ये दिवसचे दिवस कोऱ्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या. इथे बसलेल्या एका तरी माणसाला हसवायचं, हे त्यांनी तेव्हाच मनाशी धरलं होतं. मोठ्या डॉक्टरांना ते काही रुचलं नव्हतं. इथे लोकांच्या जिवाला घोर लागलेला असतो आणि तुम्हाला गंमत सुचते, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. शेवटी महिनाभर ठेवून बघायचं ठरलं. कोणाचं मन दुखावलं, तर पलंग त्याच दिवशी बाहेर.

महिना सरत आला तरी कोणी हसलं नव्हतं. लोक पलंगाकडे बघायचे आणि लगेच नजर वळवायचे. आपला माणूस वर आणि आपण खाली दात काढतोय, हे बरं दिसेल का, असं चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं. एकाने उचललेल्या पायाला डब्याची पिशवी अडकवली. दुसऱ्याने पाठीवर ओला टॉवेल वाळत घातला. वर्षभराच्या मेहनतीची खुंटी झाली होती.

आणि एक म्हातारी होती, वरच्या मजल्यावरची पेशंट. मुलगा तिला रोज संध्याकाळी व्हीलचेअरवरून खाली आणायचा. ती खुर्ची पलंगाला खेटून लावायला सांगायची, डोळे बारीक करून त्याच्या पायापासून दारापर्यंतचं अंतर न्याहाळायची आणि बोट नाचवून त्याला काहीतरी सुनावायची. हसायची मात्र नाही. तक्रार आली तर हिच्याकडूनच येणार, असं बाईंना वाटायचं. मग म्हातारी खाली यायची थांबली.

आज दुपारी ती गेली. एरवी अशा वेळी मागच्या दाराने नेतात. पण मुलगा हटून बसला, आईला न्यायचं तर पुढच्याच दाराने. मोठ्या डॉक्टरांना नाही म्हणवेना. आणि त्या दाराशी तो पळपुटा, पाय वर करून उभा. म्हणून ही धावपळ चालली होती. बाईंनाही डॉक्टरांचं पटलं. दुसऱ्याच्या दुःखाच्या वाटेत आपण विनोद मांडून बसलो, या विचाराने त्यांना मान वर करवेना.

वॉर्डबॉयनी पलंग उचलून दारापर्यंत नेला, तोच मागे लिफ्ट उघडली. स्ट्रेचरवर पांढऱ्या चादरीखाली म्हातारी आणि कडेला मुलगा. मोठे डॉक्टर माफी मागायला पुढे झाले. मुलाचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. तो धावत दाराशी गेला आणि दोन्ही हात पसरून पलंगाला आडवा झाला.

"थांबा. त्याला नाही," तो म्हणाला. "आधी आई."

कोणाला काही कळेना.

"पैज होती दोघांची. इथून आधी कोण बाहेर पडतं त्याची. रोज खाली येऊन दम भरायची त्याला."

वॉर्डबॉयनी पलंग हळूच खाली टेकवला. बाकांवरची माणसं एकेक करत उभी राहिली. स्ट्रेचर त्या उचललेल्या पायाला घासून पुढे गेलं, उंबऱ्यावर जरा अडखळलं आणि उन्हात बाहेर पडलं. मुलगा मागे वळला. पलंग पाय वर करून तिथेच होता.

"हरलास की रे," मुलगा म्हणाला आणि खदखदून हसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू थांबत नव्हतं. बाकांजवळ कोणीतरी हसलं, मग शेजारचा, मग सगळा हॉल. माणसं हसत होती आणि डोळे पुसत होती. बाईंनी मान वर केली. आपण घडवलं ते एवढं मोठं होतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

वॉर्डबॉय पुन्हा पलंगाला हात घालून मोठ्या डॉक्टरांकडे बघत राहिले. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाहेर नको," ते म्हणाले. "मागे न्या, पार त्या भिंतीपाशी. वर अजून पुष्कळ जण आहेत. त्यांना आपल्या पायांनी चालत येऊन याला हरवायचंय."