एकाच नंबरच्या दोन फाइली

"दहा वेळा पाठवलाय तुला!" धाकट्या बहिणीच्या फ्रेमच्या दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर टेकत ताई म्हणाली. "आणखी किती पाठवू?"

"येतो गं, पण येताना पार अर्धमेला होऊन येतो," धाकटी म्हणाली. तिने आपल्या फोनवर बाबांचा फोटो मोठा करून दाखवला. चेहऱ्याचे नुसते चौकोन दिसत होते. "पाकिटात ठेवायला ठीक आहे. भिंतीवर लावायचा तर मूळ फोटोच हवा."

ताईचा फोन एका जातीचा, धाकटीचा दुसऱ्या. दोघांचा छत्तीसचा आकडा. शेजारी शेजारी ठेवले तरी एकाला दुसरा दिसायला तयार नव्हता.

"बाबांसारखेच हट्टी मेले," ताई म्हणाली आणि दोघी हसल्या. बाबा गेल्यापासून एकत्र हसल्या त्या पहिल्यांदाच.

धाकटीचं हसू लवकर ओसरलं. हे दुकान काढण्यावरूनच तिचं बाबांशी वाजलं होतं. "पुन्हा या घराची पायरी चढू नकोस," असं ते रागाच्या भरात बोलून गेले, आणि हिनेही तो शब्द चार वर्षं धरून ठेवला. ते दवाखान्यात होते हे तिला ते गेल्यावर कळलं. जगभरच्या वडिलांना तिने चौकटीत बसवलं होतं. स्वतःच्या वडिलांचा मात्र धड फोटो नव्हता.

"ताई, खरं सांग. शेवटी माझी आठवण काढली का गं त्यांनी?"

हे तिने आधीही विचारलं होतं. उत्तर बदलेल अशी वेडी आशा, दुसरं काय.

ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "नाही गं. खोटं कशाला सांगू? हा फोटो काढला तेव्हा चांगले होते, म्हणून तुला कळवलं नाही. दुसऱ्याच दिवशी सगळं आटोपलं. जिवाला लावून घेऊ नकोस."

धाकटीने मान हलवली. घोट कडू होता. पण निदान ताई तोंडदेखलं बोलत नव्हती, याचंच तिला बरं वाटलं.

"दे तुझा फोन. केबल लावून सरळ कॉम्प्युटरवर घेते."

"घे. पण माझे फोटो उघडू नकोस हं, सगळ्यांत जाडी दिसते मी."

फोटो पडद्यावर भरून आला. गालावरचे पांढरे खुंट, उशीची सुरकुती, सगळं स्पष्ट. ओठांवर बळेच आणल्यासारखं थोडंसं हसू. नजर मात्र कॅमेऱ्याकडे नव्हती.

"कुठे बघतायत गं?"

"दाराकडे. नर्सची यायची वेळ झाली होती."

"पण हसतायत."

"मी म्हटलं म्हणून. नाहीतर फोटोत कधी हसलेत का ते?"

धाकटीने डोळे पुसले. ही बहीण शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी होती. आपण फक्त रुसून बसलो. हा फोटो दुकानात समोरच लावायचा, येता-जाता दिसेल असा, तिने ठरवलं.

"अगं, हा दोनदा आलाय. दोन्हींचा नंबर एकच आहे."

"मग एक पुसून टाक."

"थांब, कुठला जास्त चांगला आलाय ते बघू दे."

तिने दुसरी फाइल उघडली. तो फोटो नव्हताच. ताईचा फोन प्रत्येक फोटोबरोबर त्याच्या आगेमागेची दोन-तीन सेकंदं आवाजासकट टिपून ठेवत असे. धाकटीच्या फोनवर येताना ती वाटेत गळून पडत. हे दोघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

पडद्यावरचे बाबा हलले. दाराकडे बघत त्यांनी विचारलं, "धाकटी निघाली का?"

"येत नाही म्हणाली," फोटो काढणाऱ्या ताईचा आवाज आला. "हसा बघू आता."