तंबूचा कसूर

"आधी पटका टाकला डोळ्यावर," किशनराव म्हणाले. "माझ्या दत्ताला खाली पाडून सोताचा पटका टाकला त्याच्या डोळ्यावर. छातीवर पाय दिला. अन् मग कुऱ्हाड उलटी करून तुंबा घातला डोक्यात. पोरगं परभणीच्या दवाखान्यात पडलंय."

चावडीवर गाव जमलं होतं. निवाड्याला बसलेले आबासाहेब सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता मध्येच थांबला, मग पुन्हा चालू झाला.

मल्हारी खांबाला टेकून बसला होता. सतरा वर्षांचा मेंढक्याचा पोरगा. त्याला बांधलं नव्हतं. हा पळून जाईल असं त्याच्याकडे बघून कुणाला वाटतच नव्हतं. एक माशी त्याच्या भुवईवर बसली, उठली, पुन्हा बसली. त्याने हात हलवला नाही.

पायरीखाली त्याची माय कासाबाई उभी होती. तिच्या पदरात पाय मोडलेलं कोकरू होतं. दुपारी जमादार येणार होता. गावाने मल्हारीचं नाव सांगितलं, की पोरगा जेलात. कासाबाईला दुसरं कुणी नव्हतं.

"काहून मारलं रं?" आबासाहेबांनी विचारलं.

"त्यानं काठीची तलवार केलती," मल्हारी म्हणाला. "कोकराचा पाय मोडला."

"तलवार!" आबासाहेब सगळ्यांकडे वळले. "ऐकलं का? तलवार कुठून आली आपल्या गावात?"

सगळ्यांच्या माना समोर वळल्या. चावडीसमोर पिंजाऱ्याची मोकळी जागा होती. नऊ वर्षांमागे, निजामाचं राज्य गेलं त्या गडबडीच्या साली पिंजारी हैदराबादला निघून गेला म्हणे. त्याचं घर पडलं, गवत माजलं. त्या जागेवर पंधरा दिवसांपासून सिनेमाचा तंबू उभा होता. रोज अंधार पडला की एकच लढाईचा सिनेमा. पहिल्या दिवशी बायांनी डोळे झाकून घेतले होते. आता पडद्यावर मुंडकं उडालं तरी शेंगा फोडायचा आवाज थांबत नव्हता.

"म्या चार बार पाह्यला," दगडाबाई पदराआडून म्हणाली. "म्या कुणाचं मुंडकं उडवलं का? आमच्या म्हाताऱ्याचं बी न्हाई. लय वाटलं तरी."

बाया खुदखुदल्या. किशनराव हसले नाहीत.

"हसण्यावारी नेऊ नका," आबासाहेब म्हणाले. "हा पोरगा कसा हाय ते मला इचारा. पंधरा दिस झाले, ह्याच्या मेंढ्या माझ्या वावरात बसायल्यात. खतासाठी मीच बसवून घेतल्या. लांडग्याच्या भेवानं एक रात पोरगं मेंढ्या सोडून हाललं न्हाई. असं गरीब पोरगं कुऱ्हाड उचलतंय. कसूर कुणाचा? पोराचा का तंबूचा?"

माना डोलल्या.

"आजकालच्या पोरायला रगताचं काहीच वाटंना झालंय," ते पुढे म्हणाले. "रोज मारामारी पाहायची अन् दिवसा करून बघायची."

तंबूवाला बन्सीधर कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभा होता. तो चाचरत म्हणाला, "मालक, तलवारी हायत, मी न्हाई म्हणत न्हाई. पर माझ्या सिनेमात डोळ्यावर पटका कुणीच टाकत न्हाई. कुणाला बी इचारा."

"तुमी गप बसा!" आबासाहेबांचा आवाज चढला. "लोकायची लेकरं बिघडवायची, वरून गवाही द्यायची! कासाबाई, तू सांग. पोरगं पयले असं होतं का?"

कासाबाईने पोराकडे पाहिलं. माशी अजून तिथेच होती.

"न्हाई मालक," ती म्हणाली. "सिनेमानंच झालं."

मग सगळं भराभर ठरलं. तंबू आजच्या आज हलवायचा. मल्हारीने या साली किशनरावांच्या वावरात फुकट मेंढ्या बसवायच्या. आणि जमादाराला सांगायचं, पोरं सिनेमाची लढाई खेळत होती, खेळता खेळता लागलं.  शेवटी किशनराव म्हणाले, "आबासाहेब, तुमच्या शब्दाभाईर मी न्हाई."

जमादार आला. त्याने तेवढंच लिहून घेतलं, चहा घेतला, गेला. बन्सीधरने मशीन बैलगाडीत चढवलं, पडद्याची घडी घातली. लहान पोरं गाडीमागे झरीच्या रस्त्यापर्यंत रडत गेली. पिंजाऱ्याच्या जागेवर खुंट्यांची भोकं तेवढी राहिली.

दिवस बुडायच्या आत मायलेक मेंढ्या घेऊन आबासाहेबांच्या वावरात आले. किशनरावांकडे उद्यापासून जायचं होतं. मल्हारीने मेंढ्यांभोवती जाळी लावायला घेतली. कासाबाईने कोकराच्या पायाला चिंधी बांधली.

"आता सिनेमाच्या नादी लागू नगं बाबा," ती म्हणाली. "आज देवानं वाचवलं."

"म्या कुठं पाह्यलाय सिनेमा?"

तिचा हात थांबला.

"एकदा बी न्हाई?"

"मेंढ्या कुणापाशी सोडू, माय?"

त्याने एक खुंटी ठोकली. दुसरी ठोकली. 

"मग पटका टाकायचं कुठं पाह्यलं रं?"

मल्हारीने वर पाहिलं नाही. हातातली कुऱ्हाड त्याने नुसती बांधाकडे केली, तिथल्या बुजवलेल्या विहिरीकडे.

"हितंच," तो म्हणाला. "आबासाहेबांनी पिंजारी चाचाच्या डोळ्यावर टाकला तवा. म्या कडब्याच्या गंजीमागं व्हतो."