दाराबाहेरचे जोडे

पंचफुलाले शिंक आली अन् साऱ्या हापिसाचा जीव टांगनीले लागला. बडेबाबू बापूरावानं डोळे वटारले. टेबलाटेबलावरचे लोक ओठावर बोटं ठेवून बसले. तिनं नाक असं दाबलं, का आता शिंक कानातून निघते का काय!

"साहेब आत हायेत," बापूराव कुजबुजले. "जोडे दिसत नाईत का?"

जोडे दिसत होते. साहेबाच्या खोलीच्या बंद दारापाशी काळे बूट. कवडू चपराशी रोज पुसून असे चमकवे, का त्यात भांग पाडून घ्यावा. कारंज्याच्या त्या हापिसात कायदा एकच. जोडे बाहेर म्हनजे साहेब आत. अन् साहेब आत, तवरिक कोनी जागचं उठाचं नाई. सकाळी येता येता सारे त्या जोड्याले वाकून रामराम करत. आनीबानी उठून वर्स झालं होतं, पन या हापिसाले कोनी तार केली नव्हती.

जोडे कधी हालतच नसत. पाच वाजत, सहा वाजत. साडेसातले चौकीदार कुलूप घेऊन आला, का बापूराव उसासा टाकत. "गेले असतीन मागच्या दारानं. मोठ्या मानसाले का एकच जोडा असते?"

साहेबाले कोनी पाह्यलं नव्हतं, पन साऱ्याईले सारं मालूम होतं. मागल्या गावी साहेब एकदा खाकरले, तं घड्याळाचे काटे म्हने उलटे फिरले. एक बाबू पाचाच्या ठोक्याले घरी गेला, तं त्याची बदली अशा गावी झाली, का तिथं जानारी येष्टी अजून रस्ता इचारतच फिरून राह्यली.

आत जाची छाती एकट्या बंडूजीची. कोपऱ्यातला गरीब गाय मानूस. दोन वर्सांपासून भर उन्हाळ्यातबी अनवानी. टाचाईले अशा भेगा, का त्यात पेन्सिल उभी राहे. बिचारा फाईली छातीशी धरून थरथरत आत जाये, अन् सह्या घेऊन घामाघूम बाहेर ये.

"वाघाच्या जबड्यातून येते गडी!" लोक म्हनत.

"अन् पाय काऊन उघडे?" पंचफुलानं एकदा इचारलं.

"नवस असन," कवडू म्हने.

पंचफुला टायपिस्ट. नोकरीले लागून तीन महिने झालते. तिच्या गावची येष्टी साडेपाचाची, मंग एकदम आठाची. रोज साडेपाचाची गाडी भोंगा वाजवत निघून जाये, अन् पंचफुला जोड्याकडे पाहत बसे. घरी पोहोचे तवा वर्साची पोट्टी झोपेली, सकाळी निघे तवाबी झोपेली. काल रविवारी तिनं पोट्टीले उचललं, तं तिनं असं भोकाड पसरलं, जशी सुई टोचनारी नर्सच आली. सासूच्या गळ्याले बिलगली अन् तिलेच म्हने, "माय, माय!"

पंचफुलाचे डोळे भरले. सासू देवकाबाई सुपात तूर पाखडून राह्यली होती.

"अवं, तं पाचले काऊन नाई निघत?"

पंचफुलानं जोड्याची गोष्ट सांगतली. सूप थांबलं.

"भरतानं रामाच्या पादुका गादीवर ठेवल्या, तवा राम कुठी होता?"

"वनात."

"मंग झालं तं! जोडे गादीवर म्हनजे मालक घरी नाई. मले बिनशिकलीले समजते, अन् तू मॅट्रिक!"

आज सोमवारी पाच वाजून गेले, सव्वापाच झाले. पंचफुला उठली. खुर्ची कर्रकन वाजली, अन् कवडूच्या हातची सुरई फुटली.

"बसा बाई!" बापूराव टेबलाखालूनच बोलले. "नोकरी जाईन!"

"जाऊ द्या. तिकडं माही पोट्टी चालली हातची!"

तिनं जोडे ओलांडले अन् दार लोटलं.

आत एक टेबल. एक खुर्ची. एक टाक, एक दौत. मानूस नाई. मागचं दार तं नव्हतंच, सबंध भिंत होती अन् तिच्यावर दोन वर्सांमागचं कॅलेंडर.

"बंडूजी," पंचफुला वळली, "सह्या कोन करते? साहेब कुठी हाये?"

बंडूजी उभा राह्यला. आपल्याच पायाकडे पाहत म्हने, "बाई, थे जोडे माये हायेत."

पंखाबी थांबला म्हनतात.

"साहेब म्हनून बदलून आलो त्या दिवशी दारात जोडे काढले, आत पिशवी ठेवली, पानी प्याले बाहेर आलो. बापूरावजीनं जोडे पाह्यले अन् मलेच हाताले धरून खाली बसवलं. म्हने, बस गुपचूप नव्या बाबू, साहेब आले! मी बसलो. साऱ्याईचं भेव पाहून मलेबी भेव लागलं."

"अन् दुसऱ्या दिवशी?"

"सांगनार होतो. पन तवरिक सारे जोड्याले रामराम करून राह्यलते. माये हायेत म्हनलं असतं, तं मार खाल्ला असता न!"

तेवढ्यात पंचफुलाची मघाची दाबेली शिंक आली. अशी आली, का कॅलेंडर भिंतीवरून पडलं. नाक्यावर साडेपाचाच्या येष्टीचा भोंगा वाजला. तिनं पदर खोचला अन् चपला पायात सरकवल्या.

"मंग घाला न थे जोडे, साहेब! अन् साऱ्याईले घरी जाऊ द्या!"

अन् धूम पळाली. फाटकापाशी तिले मागून साहेबाचा आवाज आयकू आला. हात जोडूनच बोलत असन गडी.

"बापूरावजी... घालू काजी?"