उजवीकडचा रकाना

पान उघडलं, पण नावांवर नावं चढलेली. उजवीकडचा रकाना तर पडद्याच्या बाहेरच गेलेला. टायपिस्टबाईंनी माऊस आपटला. "अरे मेल्या, आजच्या दिवशी तरी नीट चाल!"

सकाळीच साहेबांच्या फोनवर निरोप आला होता. कॉलेजच्या सहलीची बस पुलावरून नदीत पडली. बाईंचा मुलगा त्या बसमध्ये होता. छापखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशींचाही होता. दोघं एकाच वर्गातले, बसायलाही शेजारी शेजारी. बाईंचा सतरा नंबरच्या सीटवर, मावशींचा अठरावर.

आणि दोघांच्या आया इथे कोंडलेल्या. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापायचं काम चालू होतं. ते संपेपर्यंत कुणी बाहेर पाऊल टाकायचं नाही, मोबाईल फाटकावर जमा. साहेबांकडे एकच साधा फोन, आणि मदत केंद्राचा नंबर दोन तास लागत नव्हता. बसमधल्या सगळ्यांची यादी सरकारी पानावर लागली होती, ती बघायला उरला बाईंचा कॉम्प्युटर. त्यावर फक्त सरकारी पानं उघडायची, तीही पणजोबांच्या वयाच्या ब्राउझरवर. नवीन काही टाकायचं तर पासवर्ड हवा, आणि तो ज्याच्याकडे होता तो कॉम्प्युटर विभागाचा माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्याला सगळे पासवर्डबुवाच म्हणायचे.

"बाई, दिसतंय का काही?" मावशी खुर्चीमागे उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी नजर पडद्यावरून हलत नव्हती.

"दिसेल, मावशी. हा आडमुठा आहे, पण मीही वीस वर्षं याच्याशीच भांडतेय."

पान लहान करून पाहिलं. अक्षरं मुंगीएवढी झाली, पण एकमेकांच्या अंगावरून उतरली नाहीत. छापून पाहिलं, तर कागदावर उजवी बाजू कापलेली. शेवटी बाईंनी त्यांची नेहमीची युक्ती काढली. पान नुसता मजकूर म्हणून साठवलं. रंग, चित्रं, पट्ट्या सगळं गळून गेलं आणि साधी अक्षरं उरली. आधी सगळी नावं, त्यांच्याखाली सगळ्यांची स्थिती. बाईंनी ती खालची यादी उचलली आणि नावांच्या शेजारी ओळीला ओळ लावली. सगळ्यात वर चालक, मग सीटच्या क्रमाने मुलं. शेवटच्या मुलापुढे मात्र काहीच नव्हतं.

"याचं अजून कळलं नसेल बिचाऱ्याचं," त्या पुटपुटल्या आणि वर सरकल्या.

आधी अठरा नंबर लागला.

"मावशी, तुमचा आहे! जखमी, प्रकृती स्थिर."

"देवा रे!" मावशी मटकन खालीच बसल्या. पदरात तोंड खुपसून रडल्या, मग हसल्या, मग पुन्हा रडल्या. "मेला लहानपणापासून असाच, पडायचा आणि उठून पळायचा. आणि बाई, आपला दुसरा? सतरा नंबर?"

बाईंनी बोट एक ओळ वर नेलं. मग त्यांनी हळूच सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरची बातमी, "मृत लिहिलंय."

मावशींचे डोळे तिथल्या तिथे सुकले. त्या उठल्या, बाईंचं डोकं त्यांनी पोटाशी धरलं. आपल्या पोराचं नाव नंतर एकदाही काढलं नाही. दारात कुणी "तुमचा वाचला म्हणे" असं विचारायला आलं, तर हातानेच त्याला घालवून दिलं. असं सुख तोंडावर दिसलं तरी पाप लागेल, असं त्यांना वाटत होतं. आतून जीव मात्र हलका झाला होता, आणि त्याचीच त्यांना लाज वाटत होती.

"काल साहेबांच्या फोनवरून मी त्याच्यावर ओरडले," बाई म्हणाल्या. "टॉवेल विसरलास म्हणून. टॉवेल, मावशी!"

"आया ओरडतातच गं. त्याला का कळत नव्हतं?"

साहेब आले. "गाडी उभी केलीय. पण तुम्हाला बाहेर सोडायची परवानगी वरून येते, आणि त्यांना यादीची प्रत हवी. मूळ पानाची. ही तुम्ही लावलेली चालणार नाही म्हणतात."

"आईनं रडायलाही अर्ज करायचा का?" मावशी कडाडल्या. एरवी साहेबांपुढे त्यांचा आवाज निघत नसे.

साहेबांनी मान खाली घातली. "बोलावलंय पासवर्डबुवाला. येतोच आहे."

पासवर्डबुवा धापा टाकत आला. कुणी त्याची थट्टा केली नाही. त्याने पासवर्ड टाकला, नवा ब्राउझर चढवला आणि यादी उघडली. पान आरशासारखं स्वच्छ दिसलं.

"चालकापुढे बघा, लाल पट्टी आहे," तो म्हणाला. "'शोध सुरू'. ही अक्षरं नाहीत, चित्र आहे. मजकुरात चित्र येत नाही."

बाईंनी त्यांची फाइल आठवली. चालकापुढचं आलंच नव्हतं, म्हणजे त्याच्या खालचं सगळं एकेक ओळ वर चढलं होतं. त्यांनी यादीवरून घाईघाईने बोट खाली नेलं. सतरा. जखमी, प्रकृती स्थिर.

त्यांच्या छातीतून असा हुंदका फुटला की साहेब दोन पावलं मागे सरले. मावशींनी झटकन त्यांना जवळ ओढलं आणि पाठीवरून हात फिरवू लागल्या.

"रड पोरी, मोकळी हो. माझा आहे ना? तो तुझाच समज."

मावशींच्या खांद्यावरून बाईंना पुढची ओळ दिसत होती. अठरा. मृत.