पितळी हात

संग्रहालयात मीटर येण्याआधीची मापे मांडायचे काम चालले होते. शेवटच्या पेटीतून पितळेची पट्टी निघाली: कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा एक हात. कुण्या विस्मृत राजाच्या हातावरून ती घडवली होती, आणि एके काळी मुलखातले सारे कापड तिच्यावरच मोजले जाई.

ताडमाड शिपायाने गंमत म्हणून तिच्यावर आपला हात ठेवला. तो तंतोतंत बसला.

"बाई, मी राजघराण्यातला निघालो की हो!"

"मग राजेसाहेब, आता केर काढा," म्हणत ठेंगण्या अभिरक्षक बाईंनी आपला हात ठेवला. तोही तंतोतंत बसला.

हसू ओठांवरच विरले. त्यांनी पोलादी फूटपट्टी लावून पाहिली. नोंदवहीतल्या मापापेक्षा पितळ केसभरही बदलले नव्हते.

"आई, माझापण बसला!"

त्या गर्रकन वळल्या. शाळेतून आलेली त्यांची सात वर्षांची लेक टेबलावर ओणवी झाली होती. पट्टीच्या एका टोकाला तिचे कोपर होते आणि दुसऱ्या टोकाला मधले बोट.

बाईंनी तिला खसकन मागे ओढले, तिची दोन्ही कोपरे टेबलावर टेकवली आणि तळवे जुळवले. उजवा हात डाव्याच्या वर जवळजवळ वीतभर उभा राहिला.

"दुखतंय का गं, सोन्या?"

"नाही." लेक त्या उंच बोटांकडे कौतुकाने पाहत होती. "पण असं बरं नाही दिसत. थांब हं, डावापण ठेवते."