हिच्या रक्षणासाठी
जेवताना आमच्या ह्यांनी नणंदेला नेहमीचं भाषण ऐकवलं. "परवाने कडक करा म्हणणाऱ्यांना काय कळतंय? पिस्तूल मी हिच्या रक्षणासाठी घेतलंय!" हिच्या म्हणजे माझ्या. तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं. वक्त्यांनी हातातला घास ताटात टाकला. कपाटातून पिस्तूल काढून मला हळूच म्हणाले, "तू पुढे हो. मी आहे ना मागे!" मी आत जाऊन दिवा लावला. शेजाऱ्यांचं मांजर दुधाचं पातेलं पाडून खिडकीतून पळालं. मागे वळले, तर पिस्तूल माझ्यावरच रोखलेलं. बोट चापावर, डोळे गच्च मिटलेले. "मांजर होतं," मी म्हटलं. लगेच डोळे उघडले, छाती फुगली. "बघितलंस ताई? घरात हत्यार लागतंच!" "खरंय," मी म्हणाले. "पुढच्या वेळी तुम्ही पुढे व्हा, पिस्तूल मी धरते." "वेडी आहेस का? चुकून गोळी सुटली म्हणजे?"